स्वस्त घड्याळ आणि ग्वाल्हेरची धूळ

पाचशे ते दीड हजार रुपयांत मिळणाऱ्या मनगटी घड्याळाचा जीव गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, एका तुकड्यात असतो. हा तुकडा जमिनीतून काढलेला नसतो, कारखान्यात वाढवलेला असतो. त्याचा आकार दोन पायांच्या चिमट्यासारखा, आणि तो बसतो तांदळाच्या दाण्याएवढ्या बंद डबीत. सेलमधून वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा विचित्र दिसतो, पण पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो. हा हिशेब चिप करते, दर सेकंदाला छोट्या मोटारीला एक ठोका देते आणि सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो.

झिजण्यासारखे यात फारसे काही नसते. स्वस्त घड्याळांत नेहमी सापडणारे मियोटा २०३५ हे जपानी मशीन महिन्याला फार तर २० सेकंद मागेपुढे होते. कॅसिओचे १९८९ सालचे एफ-९१डब्ल्यू हे २१ ग्रॅमचे डिजिटल घड्याळ महिन्याला ३० सेकंदांची हमी देते. याउलट लाखभर रुपयांच्या चावीच्या स्विस घड्याळाने दिवसाला ४ सेकंद मागे किंवा ६ सेकंद पुढे एवढी मर्यादा पाळली, तरी ते तिथल्या क्रोनोमीटर परीक्षेत उत्तीर्ण होते. म्हणजे वेळ सांगण्यात स्वस्त घड्याळ महागड्याला सहज मागे टाकते. ते हरते ते अंगावरच्या कपड्यांत: काच, मुलामा, पट्टा, रबर.

गारगोटीचे घड्याळ नेहमीच स्वस्त नव्हते. सेइकोने डिसेंबर १९६९ मध्ये पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढले तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. १९८३ मध्ये स्वॉचने प्लॅस्टिकचे, अवघ्या ५१ भागांचे घड्याळ आणले, तोवर गारगोटी सर्वसामान्यांच्या खिशात आली होती. भारतात मात्र त्या काळात राज्य होते एचएमटीचे. १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरमध्ये सुरू झालेल्या या कारखान्याच्या ‘जनता’ घड्याळाला रोज सकाळी चावी द्यावी लागे. ‘जनता’ची देवनागरी आकड्यांची तबकडीही निघाली. बिर्लानगरच्या गिरण्या भरात होत्या त्या दिवसांत ग्वाल्हेरचा शिक्षक, कारकून, गिरणी कामगार असलेच घड्याळ बांधत असे. ते दिवसाला अर्धा मिनिट इकडेतिकडे झाले तरी कोणी तक्रार करत नसे, कारण चार-पाच वर्षांनी घड्याळजी ते सुटे करून, धुऊन, तेल घालून पुन्हा नवे करून देई. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याला मंजुरी दिली. चावीच्या घड्याळासारखे क्वार्ट्झ मशीन मात्र कोणी धूत बसत नाही. बिघडले की अख्खे मशीन बदलतात, आणि तेच स्वस्त पडते.

ग्वाल्हेरची हवा घड्याळाची चांगलीच परीक्षा घेते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, जानेवारीच्या पहाटे तो ५ अंशांच्याही खाली येतो. घड्याळातली गारगोटी सुमारे २५ अंशांवर सर्वांत अचूक असते; त्याहून उष्ण असो की थंड, ती मंदावतेच. फरक २० अंशांचा झाला तर घड्याळ दिवसाला साधारण सव्वा सेकंद, म्हणजे महिन्याला पस्तीसेक सेकंद मागे पडते. गंमत अशी की मनगटावर राहणाऱ्या घड्याळाला हा त्रास फारसा होत नाही, कारण शरीराची ऊब त्याला तिशीच्या आसपास ठेवते. पत्र्याखालच्या खोलीत फळीवर ठेवून दिलेले घड्याळ जास्त चुकते. वापरल्याने बिघडेल म्हणून जपून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

धुळीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ग्वाल्हेरचा किल्ला वाळूच्या दगडाच्या टेकडीवर उभा आहे आणि शहरातली जुनी बांधकामेही त्याच दगडाची. या दगडाचे कण म्हणजे बहुतांशी गारगोटीच. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर गारगोटी ७ वर येते. घड्याळाची साधी खनिज काच साडेपाच-सहाच्या आसपास, ॲक्रिलिकची त्याहून बरीच खाली, सुमारे ३ वर. मे-जूनमधली आंधी सुटली की हे कण काचेवर बसतात आणि बाहीने पुसताना ओरखडे पाडतात. आत जे खनिज वेळ सांभाळते तेच बाहेरून काच खाते. ९ कठीणपणाची नीलमणी काच यातून सुटते, पण ती या किमतीत सहसा मिळत नाही. ॲक्रिलिकची एक जमेची बाजू आहे: टूथपेस्ट लावून मऊ कापडाने घासले की बारीक ओरखडे निघून जातात. खनिज काचेचे ओरखडे निघत नाहीत, ती बदलावीच लागते. घड्याळ ओल्या फडक्याने टिपावे, कोरडे पुसू नये.

मग घाम. कोरड्या उन्हात तो लगेच वाळतो आणि मीठ मागे ठेवतो. घड्याळाच्या मागच्या झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ आणि शेजारी ‘बेस मेटल’ असे इंग्रजीत बारीक कोरलेले असेल, तर झाकण तेवढे पोलादी आणि बाकीचा साचा पितळ किंवा जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा दिलेला, असे समजावे. पट्टा अडकवण्याच्या कानांच्या कडेला मुलामा उडतो आणि धातू हिरवट पडतो. सोनेरी घड्याळात हे सगळ्यात आधी दिसते. पूर्ण पोलादी किंवा साधे प्लॅस्टिकचे घड्याळ यापेक्षा कितीतरी जास्त टिकते, लग्नाच्या आहेरात ते कमी उठून दिसले तरी.

पट्टा तर संपणारच. चामड्यासारखा दिसणारा कृत्रिम पट्टा वर्ष-दीड वर्षात सोलवटतो, रबरी पट्टा काही वर्षांनी ताठर होऊन तडकतो. म्हणून घेतानाच पाहावे की पट्टा १८, २० किंवा २२ मिलिमीटरच्या सरळ पट्टीचा आहे की खास खाचेचा. सरळ पट्टा महाराज बाड्याच्या परिसरातल्या बाजारात सहज मिळावा. खास खाचेचा मिळेलच असे नाही, आणि मग चालते घड्याळ टाकून द्यावे लागते. पट्टा धरणारी स्प्रिंगची पिन गंजली की घड्याळ नकळत रस्त्यावर पडते. पट्टा बदलताना पिनाही बदलून घ्याव्यात. त्या अगदी क्षुल्लक किमतीच्या असतात.

‘३० मीटर’ या शब्दांनी बरीच फसगत होते. तो प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आकडा आहे. हात धुताना उडालेले थेंब आणि पाऊस एवढेच त्यात बसते, पोहणे नाही. रंगपंचमीची पिचकारी थेट झाकणाच्या फटीवर मारली तर त्या घड्याळाचा भरवसा नाही. पाणी अडवते ते झाकणाखालचे बारीक रबरी कडे. सेल बदलताना ते वाकडे बसले, तर घड्याळ पहिल्याच पावसात आतून धुरकटते.

स्वस्त घड्याळांचा सगळ्यात जास्त घात मात्र सेल करतो. काट्यांच्या बऱ्याच घड्याळांना चांदीच्या ऑक्साइडचा १.५५ व्होल्टचा एसआर६२६एसडब्ल्यू लागतो. त्याच मापाचा अल्कलाइन सेल बराच स्वस्त असतो, पण त्याचा विद्युतदाब हळूहळू उतरतो आणि तो गळतोही लवकर. गळालेला रस केसाहून बारीक तारेच्या वेटोळ्यापर्यंत पोहोचला की मशीन गेलेच. दुकानात ‘चांदीचाच सेल टाका’ असे स्पष्ट सांगावे.

किमतीचा हिशेब असा मांडता येईल. समजा घड्याळ आठशेचे आहे, दर दोन वर्षांनी शंभराचा सेल आणि दीडशेचा पट्टा. दहा वर्षांत चार-चार वेळा हा खर्च धरला तरी एकूण अठराशे, म्हणजे वर्षाला एकशे ऐंशी रुपये. दीडशे-दोनशे रुपयांचे बेनामी घड्याळ याहून स्वस्त दिसते, पण वर्षाच्या आत थांबले तर तेच महाग पडते. नव्या रंगवलेल्या तबकडीचे जुने एचएमटी हा तिसरा पर्याय, पण त्यात धोका आहे. निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून चकचकीत केलेल्या असल्या मालाला संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मूळ फिकट तबकडीचे, थोडे कळकट दिसणारे एचएमटी त्यापेक्षा केव्हाही चांगले.

आणि घरातल्या एखाद्या खणात बंद पडलेले घड्याळ असेल, तर त्यातला सेल आजच काढून ठेवावा.