भिस्त डोळ्यांवर नको

मार्च 2025 मध्ये ट्रॉय हंट फसले. माहिती चोरीला गेलेल्यांना सावध करणारी ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही सेवा चालवणारे हे ऑस्ट्रेलियन सायबरसुरक्षा तज्ज्ञ. तक्रारीमुळे तुमची सेवा मर्यादित केली आहे, असा मेलचिंप या वार्तापत्रं पाठवणाऱ्या सेवेच्या नावानं ईमेल आला. प्रवासानं थकलेल्या हंट यांनी पासवर्ड दिला, पाठोपाठ ओटीपीही, आणि त्यांच्या वार्तापत्राच्या सुमारे 16,000 आजी-माजी वर्गणीदारांचे ईमेल पत्ते चोरांकडे गेले. शुद्धलेखन पाहा, पाठवणाऱ्याचा पत्ता पाहा, घाई करणाऱ्या मजकुरापासून सावध राहा, हा नेहमीचा सल्ला त्यांना ठाऊक नव्हता असं कोण म्हणेल? पण तो सल्ला पाळायला वाचणारा दर वेळी ताजातवाना असावा लागतो. शिवाय निर्दोष मजकूर आता यंत्रच लिहून देतं. ईमेल पोचवण्याचे नियम 1982 साली ठरले तेव्हा पाठवणारा खरा कोण हे तपासण्याची सोयच नव्हती. ती नंतर आली, तरी मिळत्याजुळत्या नावाचा पत्ता रीतसर विकत घेणारा चोर त्या तपासणीतून बिनबोभाट सुटतो.

म्हणून पारख यंत्रावर सोपवावी. हंट यांच्या पासवर्ड मॅनेजरनं त्या बनावट पानावर पासवर्ड आपणहून भरला नव्हता, कारण पत्ता जुळत नव्हता. त्यांनी तो स्वतः भरला. 2022 मध्ये क्लाउडफ्लेअरच्या तीन कर्मचाऱ्यांनी अशाच पानावर पासवर्ड टाकले, तरी चोर आत शिरू शकले नाहीत. तिथं ओटीपीऐवजी सुरक्षा-किल्ली, म्हणजे संगणकाला जोडायचं छोटं उपकरण, लागत होती. ओटीपी कोणत्याही पानावर टाकता येतो. किल्लीचं उत्तर मात्र संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेलं असतं, नकली पानावर मिळालेलं उत्तर खऱ्या पानावर चालत नाही. फोनमधली पासकी हेच करते. किल्ली किंवा फोन हरवला तर, ही शंका रास्त आहे. त्यासाठी दुसरी किल्ली आधीच नोंदवून ठेवावी.

आपल्याकडे बँकांची मदार अजून बरीचशी ओटीपीवर आहे, मग किल्लीच्या गोष्टी कशाला, असंही कुणी विचारेल. तिथं निदान ईमेलमधली लिंक सोडून बँकेचं ॲप स्वतः उघडावं. संकेतस्थळच वापरायचं तर पत्ता पाहावा: रिझर्व्ह बँकेनं बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं, कारण तो बँकांशिवाय कुणाला मिळत नाही. पण हे शब्द पत्त्यात कुठंही दिसून भागत नाही, ‘https://’ नंतरच्या पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधी तेच हवेत. पैसे गेलेच, तर 1930 या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर तत्काळ फोन करावा: रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली, तरच ती परत मिळण्याची आशा असते.