छावणीचं सामान – भाग पाचवा : पाल, तणावे आणि मेखा

आधीच्या भागांत साल कसं ठरवायचं, कापड कुठून आणायचं आणि त्याला रंग कशाचा द्यायचा हे झालं. या आठवड्यात ते कापड उभं करायचं आहे. जुन्या छावणीची नक्कल करणारे बहुतेक लोक तलवारी, पगड्या आणि अंगरख्यांवर सगळा पैसा घालतात आणि तंबू मात्र मंडपवाल्याकडून भाड्यानं आणतात. मग नायलॉनच्या पिवळ्या दोरीला टेकून अठराशे अठरा सालचा शिलेदार उभा राहतो. मला तंबूची दोरी तलवारीपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण शिपाई लढाईत असतो काही तास आणि छावणीत महिनोन् महिने.

धाराशिव जिल्ह्यातल्या भूममध्ये बसून हे काम का करायचं, याचं उत्तर नकाशा उघडला की मिळतं. शेजारच्या खर्ड्याला ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. निजाम अली खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला आणि त्याला तह करावा लागला. दक्षिणेला सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीला (बीड जिल्ह्यातली आष्टी वेगळी) २० फेब्रुवारी १८१८ रोजी पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रजांशी लढताना पडले. पुढे निजामाच्या कंटिंजंट फौजेची घोडदळाची छावणी मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, होती. त्याच फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये नळदुर्ग-धाराशिवचा हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि १८६० मध्ये परत निजामाकडे आला. मधल्या काळात मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्गला राहून या भागाचा कारभार पाहत होता. म्हणजे साठ-पासष्ट वर्षांत इथल्या माळांवर चार वेगवेगळ्या तऱ्हांच्या छावण्या पडल्या, आणि त्यांना लागणारा दोर, घोंगडी, कातडं, मेखा यांतलं बरंच काही इथल्याच गावांतून निघालं असणार.

म्हणून साल आधी ठरवा, हे पुन्हा सांगतो. १८१८ च्या पालासमोर आगपेटी नको. घासून पेटणारी काडी इंग्लंडमध्येच १८२७ च्या सुमारास विकायला आली. चकमक, गारगोटी आणि कापूस ठेवा. रॉकेलचा कंदील नको. दिवटी आणि तेलाचा बुधला हवा. चहाची किटली तर नकोच नको.

मराठी छावणी प्रत्यक्ष कशी मांडली जायची याचं उत्तम वर्णन थॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवलं आहे. तो १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर, रेसिडेंटच्या संरक्षक तुकडीचा प्रमुख म्हणून फिरत होता. त्याची पत्रं १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपानं निघाली. लष्कर निघण्याआधी काही तास बिनीवाला पुढे जायचा. जागा पसंत पडली की तो एक लहान पांढरं निशाण रोवायचा. तिथे महाराजांची देवडी. मग प्रत्येक बाजाराचं निशाण आपापल्या ठरल्या जागी. दुकानांच्या दोन समांतर रांगा लागायच्या आणि त्यांच्यामधून छावणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांबच लांब रस्ता तयार व्हायचा, कधी कधी तीन-चार मैलांचा. मुक्काम बदलला तरी कोण कुणाच्या शेजारी हे बदलत नसे, त्यामुळे नव्या माळावरही माणूस चुकत नसे.

यातून आपल्याला घ्यायची गोष्ट अशी की छावणी ही अर्धीअधिक बाजारपेठ होती. तुम्ही पाच पालं उभी करणार असाल तर त्यातली दोन तरी दुकानाची असू द्या: एक वाण्याचं, एक लोहाराचं किंवा मोच्याचं. पाचही पालांपुढे ढाल-तलवारी टेकवून ठेवल्या तर ते शस्त्रांचं प्रदर्शन होतं, छावणी होत नाही.

आता माप. मोठे डेरे आणि कनाती सरदारांच्या. साधा स्वार आणि शिपाई राहुटीत किंवा त्याहून लहान पालात झोपायचा. दोन माणसांच्या पालासाठी मी ही मापं सुचवतो: दोन खांब पाच-पाच फुटांचे, वर आडवं आढं, जमिनीवर रुंदी सहा फूट. आढ्यापासून जमिनीपर्यंतचा उतार सुमारे पाच फूट दहा इंच भरतो. दोन्ही बाजूंचा उतार आणि काठ दुमडायला जागा मिळून एक पट्टा बारा फुटांचा घ्यावा. पट्टा एका बाजूच्या जमिनीपासून आढ्यावरून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत अखंड जायला हवा. आढ्यावर शिवण आली की पाणी तिथूनच आत येतं.

पट्ट्याची रुंदी म्हणजे कापडाचा पन्हा, आणि इथे फार जण फसतात. त्या काळी धोटा विणकराच्या एका हातातून दुसऱ्या हातात जायचा, म्हणून जाड्याभरड्या कापडाचा पन्हा त्याच्या हातांच्या पल्ल्यात बसेल एवढाच. आजचं पाच फूट पन्ह्याचं कॅनव्हास घेतलं की पालावर शिवणी कमी दिसतात आणि पाहणाऱ्याला, कारण सांगता आलं नाही तरी, काहीतरी खोटं वाटतं. खादी भांडारात २७ इंची पन्ह्याची जाड खादी मिळाली तर तीच घ्यावी. तीन पट्टे जोडले की शिवणीत गेलेलं सोडून साडेसहा फूट लांबीचं पाल होतं. त्याला बारा वार कापड लागतं. मागच्या पडद्याला आणखी तीन वार पुरतं: मधला पट्टा उभा, आणि बाजूचे दोन तिकोने एकाच तुकड्याला तिरका छेद देऊन निघतात. असा छेद दिला तर चिंधीसुद्धा वाया जात नाही, आणि ज्या काळात सूत हातानं कातलं जायचं त्या काळात कापड वाया घालवणं कुणाला परवडतच नव्हतं.

शिलाई हातानंच. सिंगरचं मशीन १८५१ चं. त्याआधीच्या छावणीत मशीनची टीप येणं शक्य नाही. दोन्ही काठ एकमेकांत दुमडून दोन रांगा घालाव्यात, सुताला मधमाशीचं मेण लावावं. इंचाला सहा-सात टाके पुरे. अमेरिकेत यादवी युद्धाच्या लढाया उभ्या करणारे हौशी लोक टाके मोजून वस्तू पारखतात. १९६१ मध्ये त्या युद्धाच्या शताब्दीपासून तिकडे हा छंद फोफावला. त्यांच्याकडे जुने तंबू आणि सरकारी मापं जपलेली आहेत. आपल्याकडे साध्या शिपायाचं पाल कुणी जपलं नाही. ते फाटलं, त्याचं पोतेरं झालं. म्हणून आपल्याला चित्रं, वर्णनं आणि जिवंत कारागिरांचे हात या तिन्हींवर अवलंबून राहावं लागतं.

त्यातही दोराचं काम सर्वांत आधी हातातून निसटेल. आपल्या भागात दोर अंबाडीचा आणि केकताडाचा. अंबाडी आता भाजीपुरती उरली आहे. धाग्यासाठी ती फुलावर येईपर्यंत उंच वाढू द्यावी लागते. मग कापायची, पेंढ्या बांधायच्या, पाण्यात दगडाखाली दाबून कुजवायची. साल सुटली की धुऊन वाळवायची आणि वाख काढायचा. फिरकीवर तो एका दिशेनं पिळला की एक पदर होतो. असे तीन पदर एकत्र घेऊन उलट दिशेनं पिळले की दोर आपला आपल्यालाच घट्ट धरून बसतो. बाणगंगेला पाणी टिकलं नाही त्या वर्षी कुजवायलाच जागा मिळत नाही, ही भूमची खरी अडचण.

दोर वळण्याचं हे काम पिढ्यान् पिढ्या मातंग समाजानं केलं. कासरा, दावं, चऱ्हाट, नाडा हे सगळं त्यांच्या हातचं, आणि मोबदला म्हणजे खळ्यावर मिळेल ते बलुतं. हे काम जातीनं त्यांच्यावर लादलेलं होतं. पुढची पिढी त्यातून बाहेर पडली हे योग्यच झालं. पण ज्या म्हाताऱ्या हातांत ते कौशल्य अजून आहे त्यांच्याकडे जाताना ते हौसेखातर फुकट शिकवतील अशी अपेक्षा ठेवू नये. दोराचे आणि शिकवण्याचे पैसे वेगळे द्यावेत, आणि कार्यक्रमाच्या फलकावर त्यांचं नाव लिहावं. शिवणाऱ्याचं आणि लोहाराचं नाव लिहिता, मग यांचंही लिहा.

पालाच्या तणाव्यांना करंगळीएवढा जाड दोर पुरतो. कापडाला पितळी डोळे मारू नका. कोपऱ्यावर कातड्याचा तुकडा शिवून त्यात दोर ओवावा, किंवा दोराची मढी कापडाच्या काठातच शिवून टाकावी. एक गोष्ट नायलॉनवाल्यांना कधीच कळत नाही: अंबाडीचा दोर भिजला की आखडतो. पाऊस सुरू झाला आणि तणावे तसेच ताणलेले राहिले तर मेखा उपटून येतात किंवा कापड काठाला फाटतं. म्हणून ढग दिसले की तणावे थोडे सैल करायचे आणि ऊन पडलं की पुन्हा ओढायचे. सुती कापड उलट भिजल्यावर फुगून दाट होतं आणि पाणी बरंचसं बाहेरच सांडतं, फक्त आतून त्याला हात लावायचा नाही. रात्री उठून तणावे पाहणारा माणूस प्रत्येक छावणीत असणारच. तुमच्या कार्यक्रमातही एकाला हे काम द्या, प्रेक्षकांना त्यातून खूप समजेल.

मेखांचा प्रश्न मातीवर सुटतो. भूमच्या बाजूला बालाघाटाचा मुरमाड माळ आहे. वर वीतभर माती आणि खाली मुरूम-खडक. तिथे बाभळीची मेख डोक्यावर घाव बसताच चिरते. लोखंडी, आखूड, चौकोनी मेख हवी. तेच खाली परंड्याकडे सीनेच्या काळ्या रानात गेलात की आखूड मेख पहिल्या पावसात निसटते. तिथे सव्वा-दीड फुटाची बाभळीची मेख चांगली रुतते. लोखंडी मेखा घिसाड्याकडून घडवून घ्या. बांधकामाची गजाची सळई कापून आणू नका, तिच्यावरच्या धारा लांबून ओळखू येतात. घडवलेल्या मेखेवर हातोड्याच्या खुणा राहतात आणि त्या राहू द्याव्यात. घोड्याच्या अगाडी-पिछाडीला मात्र कुठल्याही जमिनीत लोखंडीच मेख, आणि ती पालाच्या मेखेपेक्षा जाड.

पालाच्या आत काय? खाली घोंगडी, वर घोंगडी. सणगरानं खड्डामागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. ती नवी असताना टोचते आणि पाऊस अडवते. खाट नको, गादी नको. बाहेर तीन दगडांची चूल, एक तवा, कल्हई केलेलं तांब्याचं भांडं, घोड्याचा तोबरा. एवढ्यावर स्वाराचा संसार भागायचा.

एक गोष्ट सजावटीत कुणी दाखवत नाही, ती दाखवायला हवी. इतक्या माणसांना आणि जनावरांना रोज वैरण आणि सरपण लागायचं, ते आणायला कही बाहेर पडायची आणि वाटेवरच्या गावांच्या गंजी रिकाम्या व्हायच्या. मग छावणी स्वकीयांची असो की परक्यांची. आपल्या गावांचे पूर्वज बहुतेक करून गंजी रिकाम्या होणाऱ्यांच्या बाजूला होते. म्हणून पालांच्या रांगेच्या कडेला कडब्याची एक गंज ठेवा आणि तिच्याशेजारी गावचा पाटील किंवा कुणबी उभा करा. छावणीचं चित्र त्याशिवाय अपुरं आहे.

पुढच्या आठवड्यात पखाल आणि मशक: तरवड आणि बाभळीच्या सालीत कातडं कसं कमावायचं, आणि २०१५ मध्ये लागू झालेल्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर बैलाच्या कातड्याऐवजी शेळीचं आणि म्हशीचं कातडं का वापरायचं, ते पाहू. तोपर्यंत वाचकांना एक विनंती. भूम, परंडा, वाशी भागात तुमच्या माळ्यावर जुनी मोट, तोबरा, कातडी बुधला किंवा हातानं वळलेला नाडा पडून असेल तर तो भंगारात देऊ नका. त्याची लांबी-रुंदी मोजा, दोराचे पदर किती आणि पीळ कोणत्या दिशेचा ते लिहून ठेवा, शिवणीचा जवळून फोटो काढा. आणि घरात ते वळणारं कुणी हयात असेल तर आधी त्यांच्यापाशी बसा.