शेत विकले तर कर शून्य, मग नंदुरबारची शेतजमीन टिकते कशामुळे?

नंदुरबार नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटर मोजले, की नकाशावर एक न दिसणारी रेघ तयार होते. रेघेच्या आतले शेत विकले, तर नफा करपात्र. बांधापलीकडचे, रेघेबाहेरचे शेत विकले, तर भांडवली नफ्यावर एक रुपयाही कर नाही.

सहा किलोमीटर कुठून आले?

ग्रामीण शेतजमिनीला प्राप्तिकर कायदा भांडवली मालमत्ता मानत नाही. ग्रामीण म्हणजे काय, हे जवळच्या शहराच्या लोकसंख्येवर ठरते. 10 हजार ते 1 लाख लोकसंख्या असेल तर हद्दीपासून 2 किलोमीटर, 1 ते 10 लाख असेल तर 6 आणि त्यापुढे 8. 2011 च्या जनगणनेत नंदुरबारने लाखाचा आकडा ओलांडला, म्हणून तिथे 6. शहादा, तळोदा, नवापूरला 2. अंतर हवाई मोजतात. एसटीच्या तिकिटावरचे किलोमीटर इथे कामाचे नाहीत. जमीन विक्रीच्या वेळी शेतजमीनच असली पाहिजे. आधी एनए करून मग विकली, तर सवलत हातची जाते.

शेतीच्या उत्पन्नावरही प्राप्तिकर नाही. म्हणजे कसणाऱ्याला सवलत आणि विकणाऱ्यालाही. कॅलिफोर्नियात 1965 च्या विल्यमसन कायद्याने सवलत अटीला बांधली : मालकाने किमान 10 वर्षे जमीन शेतीखालीच ठेवण्याचा करार करायचा, बदल्यात मालमत्ता कर बाजारभावाऐवजी शेतीमूल्यावर. आपल्याकडे शेतसारा आधीच इतका किरकोळ, की तो माफ करून थांबणार कोण? त्यातल्या त्यात जवळची तरतूद म्हणजे, शहरालगतची कसलेली जमीन विकून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर लागत नाही. पण त्यात पैसा शेतीत राहतो. विकलेल्या शेतावर प्लॉट पडू शकतातच.

मग अडवते कोण?

कर नव्हे, निर्बंध. कुळकायद्याच्या कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. नंदुरबारमध्ये त्याहून मोठी भिंत आहे. जिल्ह्याची सुमारे 69 टक्के लोकसंख्या आदिवासी (2011). जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ नुसार आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्याआधी राज्य सरकारची मान्यता. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवीच.

या भिंतीमागे शहाद्याचा इतिहास आहे. सावकारी आणि गहाणवटीत गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून 1972 मध्ये तिथे भूमुक्ती मेळावा झाला. अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने हा प्रश्न गावोगाव नेला. त्याच दशकात 36अ आले, आणि 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदाही झाला.

अनुसूचित क्षेत्रात 2016 पासून आणखी एक कुलूप आहे : ग्रामसभेची पूर्वमंजुरी. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके पूर्ण, तर नंदुरबार व शहादा अंशतः या क्षेत्रात येतात. मात्र 2017 मध्ये महामार्ग, रेल्वे, वीजवाहिन्या, कालवे यांसारख्या सरकारी प्रकल्पांसाठी सहमतीने होणाऱ्या खरेदीला ही अट काढली. सर्वाधिक जमीन मागणाऱ्यालाच सूट, हे खटकणारे आहे.

भिंतीला फटी कुठे?

36अ मालक बदलू देत नाही. शेत शेतच राहावे, याची हमी देत नाही. आदिवासी खातेदाराने आदिवासीलाच विकले, तर हे कलम लागू होत नाही. म्हणूनच कागदावर आदिवासीचे नाव आणि पैसा दुसऱ्याचा, असे बेनामी व्यवहार ही खरी डोकेदुखी. दुसरी बाजूही आहे. गिऱ्हाईक मोजके, म्हणून भाव कमी. दवाखान्यासाठी तातडीने पैसे हवे असलेल्या आदिवासी शेतकऱ्याला हे संरक्षण महाग पडते. कर सवलतीचा उपयोग खरे तर इथे व्हायला हवा होता, जमीन न विकता तग धरणाऱ्यासाठी. तशी सवलत नाही.

व्यवहाराआधी काय पाहाल?

सातबाऱ्यावरील ‘इतर अधिकार’ रकाना आणि जुने फेरफार. एखाद्या जुन्या फेरफारात आदिवासी खातेदाराचे नाव दिसले, तर तेव्हाच्या परवानगीचा आदेश मागा. विनापरवानगी झालेले हस्तांतरण जिल्हाधिकारी स्वतःहूनही चौकशीला घेऊ शकतात, मग खरेदीखत नोंदवलेले असले तरी.