विषाच्या कारखान्यात गरुड

१९८६ सालचा हिवाळा. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात, डेन्व्हर शहराच्या ईशान्येस एका लष्करी कारखान्याचे विस्तीर्ण आवार आहे. त्या आवारातील ओढ्याकाठच्या उंच कॉटनवुड वृक्षांवर काही मोठे पक्षी रात्रीच्या मुक्कामाला येतात, असे निरीक्षकांच्या लक्षात आले. पांढरे डोके, पांढरी शेपटी, पिवळी बाकदार चोच. हा होता बाल्ड ईगल, अमेरिकेच्या राजमुद्रेवर विराजमान झालेला गरुड. डीडीटीमुळे त्याच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन फुटत असत, आणि त्या काळी तो नामशेष होण्याच्या मार्गावरील पक्ष्यांच्या यादीत होता. त्याचा नवा मुक्काम सापडणे ही खरे तर आनंदाचीच बातमी. पण पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, हे आवार आणखी एका यादीत जाऊन बसले. ती यादी होती देशातील सर्वांत दूषित जागांची!

एकच जागा दोन्ही याद्यांशी कशी जोडली गेली, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

रॉकी माउंटन आर्सेनल हे या जागेचे नाव. आर्सेनल म्हणजे शस्त्रागार. १९४२ मध्ये, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, अमेरिकी लष्कराने येथील सुमारे ७० चौरस किलोमीटर जमीन ताब्यात घेतली. तेथे शेती करणाऱ्या कुटुंबांना थोडक्या मुदतीत घरेदारे सोडावी लागली. मग मस्टर्ड वायू, ल्युइसाइट, आगलावे बाँब यांचे उत्पादन सुरू झाले. पुढे १९५० नंतरच्या दशकात येथे सारिन हे मज्जासंस्थेवर घाला घालणारे अतिजहाल रसायन तयार होऊ लागले. युद्ध संपल्यावर रिकाम्या इमारती खाजगी कंपन्यांना भाड्याने दिल्या गेल्या होत्या. त्यांपैकी शेल कंपनीने १९५२ ते १९८२ अशी तीस वर्षे येथे कीटकनाशके बनवली. आल्ड्रिन आणि डायल्ड्रिन ही त्यांतली प्रमुख. (ही नावे आल्डर आणि डील्स या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांवरून पडली. १९५० चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळाले होते.) आल्ड्रिन आपल्याकडेही वाळवीवर मारीत असत.

कारखाना म्हटला की सांडपाणी आलेच. सुरुवातीला ते सरळ मातीच्या उघड्या तळ्यांत सोडून देत. तळ्यांतून ते जमिनीत मुरले, भूजलात मिसळले आणि कुंपणाबाहेर गेले. उत्तरेकडील शेतकरी विहिरींचे पाणी पिकांना देत. १९५० नंतरच्या दशकात त्यांची पिके करपू लागली, तेव्हा या भानगडीचा पत्ता लागला. मग १९५६ मध्ये तळाला डांबराचे अस्तर लावून ३७ हेक्टरांचे एक मोठे तळे बांधण्यात आले. पाणी दिसले म्हणून बदके त्यावर उतरत आणि मरत.

विहीर आणि भूकंप

यापुढचा उपाय तर विलक्षणच होता. १९६१ मध्ये लष्कराने ३,६७१ मीटर खोल विहीर खणली. सांडपाणी पाताळात ढकलून दिले की कटकट संपली, असा हिशेब होता. मार्च १९६२ मध्ये ते दाबाने आत सोडायला सुरुवात झाली आणि महिना-दीड महिन्यातच डेन्व्हर परिसरात जमीन हादरू लागली. या शहराला भूकंपाची सवय नव्हती. १९६५ मध्ये डेव्हिड इव्हान्स या भूवैज्ञानिकाने विहिरीत सोडलेल्या पाण्याचे महिन्यागणिक आकडे आणि भूकंपांची संख्या शेजारी-शेजारी मांडून दाखवली. पाणी जास्त तर धक्के जास्त, पाणी कमी तर धक्के कमी! फेब्रुवारी १९६६ मध्ये विहीर बंद झाली. तोवर सुमारे ६२ कोटी लिटर सांडपाणी आत गेले होते.

असे का झाले? खोलवरच्या खडकात जुन्या भेगा असतात. भेगेच्या दोन्ही बाजू वरच्या खडकांच्या भाराने एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात, म्हणून त्या सरकत नाहीत. भेगेत दाबाखाली पाणी शिरले की हा आवळ सैल होतो आणि खडकात आधीच साठलेला ताण मोकळा होतो. विहीर बंद केली तरी आतील दाब लगेच ओसरत नाही, तो सावकाश दूरवर पसरत राहतो. म्हणूनच सर्वांत मोठा, सुमारे ५ प्रतीचा धक्का विहीर बंद झाल्यानंतर, ऑगस्ट १९६७ मध्ये बसला.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला पहाटे आपल्याकडे कोयनेचा भूकंप झाला. तेथे विहीर नव्हती, धरण होते. दोन्ही घटना सर्वस्वी सारख्या नाहीत, पण खडकांच्या छिद्रांत आणि भेगांत वाढलेला पाण्याचा दाब हा धागा दोन्हींत आहे. म्हणूनच भूकंपशास्त्राच्या पुस्तकांत डेन्व्हर आणि कोयना ही नावे बरेचदा जवळजवळ आढळतात.

कुंपणाच्या आत

आता गरुडांकडे वळू. कारखान्याच्या इमारती आवाराच्या मधल्या भागात होत्या. त्यांच्याभोवती सुरक्षिततेसाठी मोकळी जमीन राखलेली, आणि तिच्या कडेने कुंपण. बाहेर डेन्व्हर वाढत गेले, वसाहती उठल्या, रस्ते झाले, विमानतळ झाला. आत ना नांगर चालला, ना घर उठले. सोडून दिलेल्या शेतांत गवत माजले आणि त्यात प्रेअरी डॉगची बिळे झाली. नावात डॉग असले तरी हा कुत्रा नव्हे. खारीच्या कुळातला, बिळांत वसाहत करून राहणारा हा कृंतक प्राणी आहे. गवताळ प्रदेशात तो अनेकांचा अन्नदाता. हिवाळ्यात तळी गोठली की गरुडांना मासे मिळत नाहीत, अशा वेळी हे प्राणी उपयोगी पडतात. गरुड कधी स्वतः शिकार करतो, तर कधी ससाण्याने मारलेले सावज हिसकावून घेतो. बिळे ओस पडली की त्यांत बिळातले घुबड घरटे करते. ते आपल्या पिंगळ्याच्याच प्रजातीतले.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. ही काही अस्पर्श निसर्गभूमी नव्हती. गरुड ज्यांवर बसत ती झाडे ओढ्याकाठची असली, तरी येथील तळी शेतकऱ्यांनी पाटबंधाऱ्यासाठी केलेली होती. पुढे कारखान्यांची यंत्रे थंड करायला त्यांचेच पाणी वापरले गेले. वन्य प्राणी आले ते जागा पवित्र होती म्हणून नव्हे, तर तेथे माणसे नव्हती म्हणून.

पण विष तर होते. आल्ड्रिन मातीत आणि प्राण्यांच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायल्ड्रिन बनते. डायल्ड्रिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र सहज विरघळते. त्यामुळे ते लघवीवाटे बाहेर न पडता शरीरात साठत राहते. मातीतले विष किड्यांत, किड्यांतले लहान पक्ष्यांत, त्यांच्यातले शिकारी पक्ष्यांत, असे ते पायरी-पायरीने चढते आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते. कडाक्याच्या थंडीत उपासमार झाली की पक्षी अंगची चरबी वापरू लागतो. मग तिच्यात साठलेले विष एकदम रक्तात उतरते आणि मेंदूपर्यंत पोचते. आवारात मरून पडलेल्या घुबडांच्या व इतर शिकारी पक्ष्यांच्या शरीरांत डायल्ड्रिन सापडले ते यामुळेच. ज्या कुंपणाने त्यांना आसरा दिला, त्याच कुंपणाच्या आत हे होत होते.

किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ?

जागा साफ करायची हे ठरलेच होते. खर्च कोणी करायचा यावर लष्कर, शेल आणि कोलोराडो राज्य यांच्यात कज्जे चालले. शेवटी लष्कर आणि शेल यांनी खर्च वाटून घेतला. १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला : सफाई झाली की ही जमीन वन्यजीव आश्रयस्थान होईल. तेथे घरे नकोत, उद्योग नकोत, शेती नको, आणि तेथील पाणी कोणी प्यायचे नाही.

या कायद्याचे स्वागत झाले, तशी टीकाही झाली. घरे बांधायची तर माती फार खोलवर साफ करावी लागते, कारण तेथे मुले खेळणार, लोक भाजी लावणार. कोणी राहणारच नसेल तर तेवढे करावे लागत नाही, आणि पैसा वाचतो. तेव्हा गरुडाचे नाव पुढे करून सफाई स्वस्तात उरकली जात आहे काय, असा टीकाकारांचा प्रश्न होता. माझ्या मते तो रास्त होता. मात्र दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सगळीच्या सगळी माती खरवडून काढली असती तर गवत, बिळे आणि त्यांतले प्राणी यांतले काहीच उरले नसते.

प्रत्यक्षात मधला मार्ग निघाला. कारखान्याच्या इमारती पाडल्या. अतिदूषित माती आवारातच खास बांधलेल्या, अस्तर लावलेल्या खड्ड्यांत पुरली. अन्य काही ठिकाणी विष जागच्या जागी ठेवून त्यावर जाड आच्छादन घातले. आणि या आच्छादनात फोडलेल्या काँक्रीटचा एक थर मुद्दाम घालावा लागला. कशासाठी? तर प्रेअरी डॉगने खाली बीळ करू नये म्हणून! ज्यांच्यासाठी आश्रयस्थान करायचे, त्यांनाच त्याच्या काही भागांतून दूर ठेवायचे. सीमेवर भूजल अडवून, उपसून, सक्रियित कोळशातून गाळून पुन्हा जमिनीत सोडण्याची यंत्रणा बसवली. अधूनमधून धक्केही बसले. ऑक्टोबर २००० मध्ये भंगाराच्या ढिगात सारिनचे लहान बाँब सापडले आणि ते नष्ट होईपर्यंत सर्वांच्या जिवात जीव नव्हता. २०१० मध्ये मुख्य सफाई पूर्ण झाली तेव्हा एकंदर खर्च दोन अब्ज डॉलरांवर गेला होता.

बायसन परतले

२००४ मध्ये पहिला साफ झालेला भाग आश्रयस्थान म्हणून जाहीर झाला. मार्च २००७ मध्ये मोंटाना राज्यातून १६ बायसन आणून सोडले. (इंग्रज शिकारी आपल्या गव्यालाही बायसन म्हणत, पण हा प्राणी निराळा. त्याच्या मानेवर आणि खांद्यांवर लोकरीसारखे दाट केस असतात.) बायसन चरतात, लोळतात आणि खुरांनी माती उकरतात. देशी गवताच्या कुरणाला हे मानवते. आता तो कळप शंभराच्या कितीतरी वर गेला आहे.

२०१५ मध्ये आणखी एक पाहुणा आला : काळ्या पायांचा फेरेट. अंगाने मुंगसासारखा लांबट, पण विझलच्या कुळातला हा प्राणी जवळजवळ केवळ प्रेअरी डॉगवर जगतो. तो नामशेष झाला असेच मानले जात होते. १९८१ मध्ये वायोमिंग राज्यात एका पाळीव कुत्र्याने एक मेलेला फेरेट घरी आणला आणि शेवटचा गट सापडला. आज पिंजऱ्यांत वाढवून सोडलेले बहुतेक सर्व फेरेट त्या गटातील अवघ्या सातांचे वंशज आहेत.

त्यांचा मोठा शत्रू प्लेग. होय, तोच प्लेग! १८९६ मध्ये तो मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात पसरला, आणि रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याला बळी पडल्या. त्याच साथीच्या लाटेत जहाजांवरील उंदरांबरोबर तो १९०० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोस पोचला. तेथून तो रानातल्या कृंतकांत शिरला आणि तेथेच राहिला. १९८० नंतरच्या दशकाच्या शेवटी त्याने आर्सेनलमधील प्रेअरी डॉगच्या बहुतेक वसाहती ओस पाडल्या होत्या. म्हणून फेरेटना सोडण्यापूर्वी प्लेगची लस टोचतात. प्रेअरी डॉगसाठी शेंगदाण्याच्या लोण्याचा स्वाद दिलेली, लस घातलेली आमिषे तयार झाली आहेत. फेरेट सोडलेल्या अनेक ठिकाणी पिसवा मारण्यासाठी बिळांत कीटकनाशकाची भुकटीही फुंकतात. ती डायल्ड्रिनपेक्षा पुष्कळ लवकर विघटन पावते, पण कीटकनाशकच ते!

आज हे आश्रयस्थान सुमारे ६० चौरस किलोमीटरांचे आहे. शाळांच्या सहली येतात, मोटारीतूनच बायसन पाहता येतात. पुरलेल्या विषाचे खड्डे आणि आच्छादने लष्कराच्याच ताब्यात आहेत. सीमेवरचे पंप चालू आहेत, आणि दर पाच वर्षांनी सगळ्या उपायांची तपासणी करावी लागते. तळ्यांत गळ टाकून मासे पकडण्यास परवानगी आहे. पकडलेला मासा मात्र पुन्हा पाण्यात सोडावा लागतो. तो घरी नेऊन खाण्यास १९९२ च्या कायद्याने मनाई केलेली आहे.