फी भरण्याआधी माल पारखा

पाथर्डीत शिवणकाम करणारे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांची मुलगी पीएच.डी. करते. तिला मोबाईलवर निरोप आला, "शोधनिबंध पाठवा, तीन दिवसांत छापून प्रमाणपत्र देऊ." सोबत फीचा आकडा होता. पैसे भरण्याआधी वडिलांनी आम्हाला विचारले, "हे दुकान खरे की खोटे?" आज अनेक कारागीर व व्यापारी बांधवांची मुले उच्च शिक्षण घेत आहेत, म्हणून हा प्रश्न आम्ही या पानावर घेत आहोत.

पूर्वी संशोधनाची नियतकालिके ग्रंथालयांच्या वर्गणीवर चालत. ओपन ॲक्सेस म्हणजे मुक्त प्रवेश पद्धतीत वाचकाला लेख फुकट मिळतो आणि खर्च बहुधा लेखक किंवा त्याची संस्था भरते. पद्धत चांगली आहे. तालुक्याच्या गावी बसून जगातले संशोधन वाचता येते. पण पैसे देणारे गिऱ्हाईक बदलले की काहींची नियतही बदलते. जितके लेख घ्यावेत तितकी फी. छापण्यापूर्वी जाणकारांकडून लेख तपासून घेण्यास वेळ लागतो. ती तपासणीच गाळली की उरतो तो नफा.

या धंद्याला गिऱ्हाईक सक्तीने मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये पीएच.डी.साठी निबंध छापणे बंधनकारक केले. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीलाही छापील लेखांचे गुण मोजले जाऊ लागले. मागणी वाढली, तसा नकली मालही आला.

आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, पण शिक्क्याचाही भरवसा राहिला नाही. पुणे विद्यापीठाचे डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेली १००९ नियतकालिके तपासली. २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापले गेले: ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके हलक्या दर्जाची असावीत. कुणाचा पत्ता नाही, कुणाच्या संपादकांची नावे नाहीत, कुणाचा नोंदणी क्रमांकच चुकीचा. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नावे वगळली.

हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन समूहाला अमेरिकेतील न्यायालयाने २०१९ मध्ये सुमारे ५ कोटी डॉलर भरण्याचा आदेश दिला. लेखांची तपासणी व संपादक मंडळ यांबद्दल खोटे सांगणे आणि फी आधी न सांगणे, हे त्यातले मुख्य आक्षेप होते.

पुढे आयोगाने 'केअर' नावाची नवी यादी आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून पारख करण्याचे काम महाविद्यालये व विद्यापीठांवर सोपवले. म्हणजे आता डोळे आपलेच उघडे हवेत.

पालकांनी व मुलांनी एवढे पाहावे:

१) नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत आयोगाने पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती काढली आहे. आपल्या विद्यापीठाचा नियम काय, हे मार्गदर्शकांना आधी विचारावे. घाई नको.

२) आयएसएसएन हा केवळ नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे.

३) संपादक म्हणून ज्यांची नावे छापली आहेत, त्यांतील एक-दोघांना स्वतः पत्र पाठवून खात्री करावी.

४) 'डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स' या सूचीत नाव आहे का, ते पाहावे. लेखकाकडून फी न घेणारी चांगली नियतकालिकेही तेथे सापडतात.

५) तीन दिवसांत छापण्याचे वचन देणाऱ्यापासून लांब राहावे.

यात केवळ फी बुडत नाही. एकदा छापलेला लेख दुसरे चांगले नियतकालिक घेत नाही, आणि नोकरीच्या मुलाखतीत नकली नियतकालिकाचे नाव निघाले की खऱ्या मेहनतीवरही संशय येतो. मुलीची दोन-तीन वर्षांची मेहनत अशी मातीमोल होते.

आमच्या स्नेह्यांनी पैसे भरले नाहीत. गिऱ्हाइकाचे कापड कात्री लावण्याआधी ते दोनदा मापतात. मुलीलाही त्यांनी तेच सांगितले.