कॅमेऱ्याची किल्ली कोणाकडे?

दादरच्या फुलबाजारातून जाताना एकदा मान वर करून पाहा. खांबावर, दुकानाच्या पाटीखाली, इमारतीच्या दारावर लहान लहान कॅमेरे बसवलेले दिसतील. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत ते आहेत. परळच्या रुग्णालयांत आहेत. गिरगावातील चाळींच्या जिन्यांतही आहेत. नोव्हेंबर २००८ मधील हल्ल्यानंतर मुंबईच्या रस्त्यांवर पोलिसांसाठी हजारो कॅमेरे बसवण्यात आले. दुकानदारांनी आणि रहिवाशांनी लावलेले कॅमेरे त्याखेरीज वेगळेच.

हे कॅमेरे आपली राखण करतात. पण कॅमेरा जे पाहतो, ते आणखी कोण कोण पाहते? हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

काही कॅमेरे सर्वांनी पाहावे म्हणूनच लावलेले असतात. गणेशोत्सवात लालबागच्या राजाचे दर्शन परदेशातील माणसेही घरबसल्या इंटरनेटवर घेतात. प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिराचेही तसेच आहे. तेथे सर्वांना पाहू देणे, हाच हेतू असतो. चाळीच्या गॅलरीतील कॅमेऱ्याचे मात्र तसे नाही. त्या गॅलरीत बायका धान्य निवडतात, मुले खेळतात, उन्हाळ्यात कोणी अंथरूण टाकून झोपतात. शेजाऱ्यांनी हे पाहिले तर त्यात वावगे काही नाही. पण दूरच्या अनोळखी माणसाने ते का पाहावे?

अनोळखी माणसाला हे दिसते तरी कसे? ते समजून घेऊ. कॅमेऱ्यातील चित्रे तारेने एका पेटीत जातात. चित्रे साठवणाऱ्या या पेटीला डीव्हीआर म्हणतात. ही पेटी राउटरला जोडली, की ती इंटरनेटवर येते. समजा, दुकानाचे मालक कोकणातील गावी गेले आहेत. त्यांना तेथून मोबाइलवर दुकान पाहायचे आहे. त्यासाठी कॅमेरा बसवणारा राउटरमध्ये एक दार उघडून ठेवतो. या दाराला पोर्ट म्हणतात. त्या दारातून मालक आत येतात. पण दार रस्त्यावर उघडत असेल, तर ते दुसऱ्या कोणालाही ठोठावता येते. मग आत सोडायचे की नाही, हे फक्त पासवर्डवर अवलंबून राहते.

जुन्या कॅमेऱ्यांची खरी अडचण येथेच आहे. कारखान्यातून निघताना हजारो कॅमेऱ्यांना एकच ठरावीक पासवर्ड दिलेला असे. तो माहितीपुस्तिकेत छापलेला असे. कॅमेरा बसवल्यावर अनेकांनी तो बदललाच नाही. म्हणजे घराला कुलूप लावले आणि किल्ली उंबरठ्यावरच ठेवली! २०१४ साली एका संकेतस्थळावर जगभरातील असे हजारो कॅमेरे उघडपणे दाखवले जात होते. कोणाचे दुकान, कोणाचे अंगण, तर कोणाच्या तान्ह्या बाळाचा पाळणा त्यात दिसत होता. त्या घरांना याची कल्पनाही नव्हती.

तुम्ही म्हणाल, “आमच्या चाळीत पाहण्यासारखे आहे तरी काय?” पण दार ठोठावणारा माणूस नसतो, तर संगणकाचा प्रोग्राम असतो. तो एकामागून एक सगळीच दारे ठोठावत जातो. गरीब-श्रीमंत असा भेद तो करत नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या अशाच एका प्रोग्रामने साठेक ठरावीक पासवर्ड वापरून लाखो उपकरणे ताब्यात घेतली. त्यांत कॅमेरे आणि डीव्हीआर पुष्कळ होते.

याचे दुःख किती मोठे असू शकते, ते २०२५ मध्ये गुजरातमधील राजकोट येथे दिसले. तेथील एका रुग्णालयाच्या कॅमेऱ्यांत परके लोक शिरले. त्यांनी रुग्ण स्त्रियांची चित्रे चोरली आणि ती इंटरनेटवरून विकली. या प्रकरणात पकडलेल्यांत महाराष्ट्रातील तरुणही होते. त्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड कोणालाही सहज ओळखता येईल असा होता. राखणीसाठी लावलेल्या कॅमेऱ्यानेच घात केला. कुंपणानेच शेत खाल्ले, ते असे.

आता भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षिततेची चाचणी पार करावी लागते. हा नियम एप्रिल २०२५ पासून लागू झाला. पण भिंतीवर आधीच बसलेल्या जुन्या कॅमेऱ्याची काळजी कोण घेणार? ती आपणच घ्यायला हवी.

त्यासाठी काय करावे? प्रथम, कारखान्याचा पासवर्ड बदलावा. नवा पासवर्ड लांब असावा. त्यात आपले नाव किंवा मोबाइल क्रमांक नसावा. कॅमेऱ्याचा आणि राउटरचा पासवर्ड वेगवेगळा ठेवावा. कॅमेरा बसवणाऱ्याने स्वतःसाठी खाते उघडले असेल, तर तेही काढून टाकावे. कंपनीने कॅमेऱ्यासाठी सुधारित प्रोग्राम दिला असेल, तर तो भरून घ्यावा. राउटरमधील उघडे दार बंद करून घ्यावे. कॅमेऱ्याचे तोंड जिन्याकडे किंवा दाराकडे असावे; कोणाच्या खोलीकडे, न्हाणीघराकडे नसावे.

कॅमेरा फारच जुना असेल आणि त्याचा पासवर्ड बदलताच येत नसेल, तर पेटीची इंटरनेटची तार काढून टाकावी. घाबरू नका, त्यामुळे कॅमेरा बंद पडत नाही. चित्रे पेटीत साठत राहतात. जागेवर बसून ती पाहता येतात. फक्त बाहेरचा रस्ता बंद होतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दुसऱ्याचा कॅमेरा उघडा सापडला, तरी गंमत म्हणून त्यात डोकावू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरणे, हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे गुन्हा ठरू शकतो. आपल्याच कॅमेऱ्यात कोणी शिरल्याची शंका आली, तर घरातील मोठ्यांना सांगा आणि पोलिसांत तक्रार करा.

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. चाळीतील दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यालाही हा हक्क तेवढाच आहे. आपण खिडकीला पडदा लावतो, रात्री दाराला कडी घालतो. तुमच्या इमारतीत कॅमेरा असेल, तर आज घरी गेल्यावर मोठ्यांना एवढेच विचारा, “याचा पासवर्ड कधी बदलला होता?”