वेल्हे तालुक्यातील जिल्हा परिषद गट

वेल्हे तालुक्यातील जिल्हा परिषद गट म्हणजे पुणे जिल्हा परिषदेवर सदस्य पाठवणारे वेल्हे (आता राजगड) तालुक्यातील निवडणूक विभाग होत. कायद्यात 'निवडणूक विभाग' ही संज्ञा असली तरी व्यवहारात 'गट' हाच शब्द रूढ आहे. प्रत्येक गटाचे दोन निर्वाचक गण असतात व त्यांतून पंचायत समितीचे सदस्य निवडले जातात. गटांची रचना निवडणुकीआधी नव्याने होत असल्याने जुना गट नावाने टिकला तरी हद्दीने टिकेलच असे नाही.

पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या कुशीतील या तालुक्यात राजगड आणि तोरणा हे दोन किल्ले आहेत. स्वातंत्र्यापूर्वी येथील बहुतेक प्रदेश पंतसचिवांच्या भोर संस्थानात मोडत असे. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड हे संस्थानाचे पाच तालुके होते. त्यांपैकी प्रचंडगड हे तोरण्याचेच दुसरे नाव. मुंबई इलाख्यातील ग्रामीण भागासाठी जिल्हा लोकल बोर्डे होती, पण संस्थानी प्रजा त्यांच्या मतदारांत गणली जात नसे. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. सुधागड कुलाबा जिल्ह्यात गेला, तर भोर व वेल्ह्याचा भाग पुणे जिल्ह्याला जोडला गेला.

वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ संमत झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आज ज्याला गट म्हणतात तो विभाग या कायद्यातून आला. निवडणुका मात्र नियमित झाल्या नाहीत. १९७९ नंतरची सार्वत्रिक निवडणूक थेट १९९२ मध्ये झाली. म्हणजे एक संपूर्ण पिढी जुन्याच विभागांखाली वाढली. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला, फिरते आरक्षण आले आणि २०११ पासून महिलांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या.

रचनेची पद्धत

गटरचनेचा आधार जनगणना हा असतो. जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या आणि एकूण जागा यांवरून सरासरी काढतात व तालुकानिहाय गट ठरवतात. गट तालुक्याची सीमा ओलांडत नाही आणि गण करताना ग्रामपंचायत शक्यतो फोडली जात नाही. नद्या, डोंगररांगा व रस्ते हद्दीसाठी विचारात घेतले जातात. गणाला सर्वाधिक लोकसंख्येच्या गावाचे नाव मिळते. क्रमांक जिल्ह्याच्या उत्तरेकडून सुरू होऊन दक्षिणेकडे संपतात. त्यामुळे दोन निवडणुकांतील एकच क्रमांक एकाच प्रदेशाचा असतो असे समजणे चुकीचे ठरते. जुन्या निकालांची तुलना करताना ही चूक सहज होते.

लोकसंख्या आणि दोन गट

२०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या सुमारे ३६ लाख ८० हजार होती. ७५ जागांच्या हिशेबाने एका गटाला सरासरी ४९ हजार लोक येतात. वेल्ह्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार ५००. निव्वळ भागाकार केला तर तालुक्याच्या वाट्याला एकच गट येतो; प्रत्यक्षात २०१७ च्या निवडणुकीत दोन गट व चार गण होते. सरासरीच्या जवळपास निम्म्या लोकसंख्येवर येथे एक सदस्य निवडला गेला. ही सवलत अनाठायी म्हणता येणार नाही. एकच गट असता तर पंचायत समितीत दोनच सदस्य उरले असते, एक सभापती आणि दुसरा उपसभापती. शिवाय कानंद, गुंजवणी, आंबी आणि मोसे या नद्यांची खोरी डोंगरांनी तोडलेली आहेत. नकाशावर शेजारी दिसणारी गावे रस्त्याने बरीच दूर पडतात.

लोकसंख्या कमी असण्यामागे डोंगराळ भूमी हे एकच कारण नाही. पुणे शहराला पाणी देणारी पानशेत व वरसगाव ही धरणे याच परिसरात आहेत. पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेव्हाच्या पुराची आठवण पुण्यात आजही निघते. धरणाखाली गेलेल्या गावांची आठवण तितकी निघत नाही. विस्थापितांपैकी अनेकांचे पुनर्वसन दौंडसारख्या कालव्याखालील तालुक्यांत झाले आणि त्यांची नावे तिकडच्या मतदारयाद्यांत गेली. पुढे नोकरीसाठी पुणे-मुंबईकडे स्थलांतर वाढले. २००१ ते २०११ या दशकात पुणे जिल्हा झपाट्याने वाढत असताना वेल्ह्याची लोकसंख्या काहीशी घटली.

२०१७ नंतर

फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली व प्रशासकाची नेमणूक झाली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून जिल्हा परिषदांची कमाल सदस्यसंख्या ७५ वरून ८५ करण्यात आली, परंतु काही महिन्यांतच सरकार बदलले आणि ती वाढ रद्द झाली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात असल्याने निवडणूक लांबली.

२०२५ च्या रचनेत जिल्ह्यातील गट ७३ झाले. हवेलीतील अनेक गावे पुणे महापालिकेत गेल्यामुळे त्या तालुक्याचे गट १३ वरून ६ वर आले, भोरचे ३ वरून ४ झाले, तर वेल्ह्याचे दोन कायम राहिले. तालुक्यातील बहुतेक ग्रामपंचायतींनी नामांतराला पाठिंबा दिला होता. २०२५ मध्ये केंद्राच्या मान्यतेनंतर तालुक्याचे नाव अधिकृतपणे राजगड झाले. २०१७ पर्यंतच्या निवडणूक कागदपत्रांत मात्र हे गट वेल्हे तालुक्याखालीच नोंदलेले आढळतात.